औषधाचे माप मोजणारी माणसे

आमच्या फुफींच्या गालातील कर्करोग ऑपरेशननंतर सव्वा वर्षाने परत आला, तेव्हा डॉक्टरांनी सलाईन न लावता गोळ्या लिहून दिल्या. घरात सगळ्यांना हायसे वाटले. सलाईन म्हणजे मोठा आजार आणि गोळी म्हणजे हलका, अशी आपल्याकडे समजूतच आहे. फुफी घाटकोपरला असल्फ्यात राहायच्या. तरुणपणापासून मशेरीची सवय. ऑपरेशननंतर ती सुटली, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

गोळ्या दोन प्रकारच्या होत्या. एक सकाळ-संध्याकाळ घ्यायची. दुसरी अगदी बारीक, पिवळी. त्या एकाच वेळी नऊ घ्यायच्या. आतेभावाने हॉस्पिटलच्या फार्मसीतील रांग टाळून बाहेरच्या दुकानातून गोळ्या आणल्या. दुकानातील मुलाने कागदी पाकिटावर पेनने लिहिले, ‘९ गोळ्या, १ वेळ’. आतेभावाने त्या पाकिटाचा फोटो आम्हाला पाठवला आणि विचारले, “रोज ना?” आम्ही घटक चाचणीचे पेपर तपासत होतो. फाईल मागायला हवी होती, ती मागितली नाही. पाकीट पाहिले आणि उत्तर दिले, “हो, रोज एकदा.”

त्या नऊ गोळ्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या होत्या.

सोमवार, मंगळवार, बुधवार असे तीन दिवस फुफींनी त्या घेतल्या. गुरुवारी रक्त तपासायला हॉस्पिटलमध्ये बोलावले होते, हे आमचे नशीब. तिथे ओपीडीच्या कोपऱ्यात एका छोट्या टेबलामागे पांढऱ्या कोटातली एक मुलगी बसली होती. पंचविशीची असेल. तिने ‘गोळ्या घेता का?’ असे विचारलेच नाही. त्या प्रश्नाला सगळे पेशंट ‘हो’ म्हणतात. ती म्हणाली, “आजी, गोळ्यांची पट्टी काढा.” फुफींनी पिशवीतून पट्ट्या काढल्या. मुलीने रिकाम्या झालेल्या जागा मोजल्या. पुन्हा मोजल्या. सत्तावीस. मग काही न बोलता फाईल उचलून ती डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली.

फुफींना त्याच दिवशी भरती केले. ल्युकोव्होरिन नावाचे उताऱ्याचे औषध सुरू झाले. तोंडात फोड आले, पांढऱ्या पेशी खाली गेल्या, मग हळूहळू वर आल्या. दहा दिवसांनी घरी सोडले. अल्लाहने वाचवले, आणि त्याने निमित्त केले त्या मुलीच्या मोजण्याला. आम्ही वीस वर्षे मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो, ‘नीट वाचा, मग उत्तर लिहा’ असे रोज सांगतो. त्या दहा दिवसांत ते वाक्य आम्हाला वर्गात उच्चारवत नव्हते.

ती मुलगी क्लिनिकल फार्मासिस्ट होती. हा शब्द तोवर आम्हाला माहीत नव्हता. औषधाच्या दुकानात पट्टी कापून देतो तो फार्मासिस्ट, एवढीच आमची माहिती. क्लिनिकल फार्मासिस्ट वॉर्डात आणि ओपीडीत बसतो. पेशंटचे वजन, उंची, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या, आधीपासून चालू असलेली बीपी-शुगरची औषधे हे सगळे समोर ठेवून, लिहून दिलेली मात्रा बरोबर आहे का, दोन औषधे एकमेकांच्या आड येतात का, हे तो तपासतो. आपल्या देशात यासाठी फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम २००८ मध्ये सुरू झाला, म्हणजे हा पेशाच अजून कोवळा आहे. याच्या शेजारचे दुसरे क्षेत्र क्लिनिकल फार्माकॉलॉजीचे. त्यात बहुधा एमबीबीएस झालेले डॉक्टर पुढे औषधशास्त्र शिकतात. दोघांची शिक्षणे वेगळी, पण कर्करोगाच्या औषधांवर संशोधन करताना दोघांचा प्रश्न एकच असतो: हे औषध, या माणसाला, किती आणि कधी?

वाचकांना हा प्रश्न साधा वाटेल. आम्हालाही वाटला होता. तापाच्या गोळीत थोडे कमी-जास्त झाले तर निभावते. कर्करोगाच्या बहुतेक जुन्या औषधांत ज्या मात्रेने गाठ मरते आणि ज्या मात्रेने माणूस मरतो, त्या दोहोंत फार थोडे अंतर असते. फुफींच्या पिवळ्या गोळ्यांचेच घ्या. त्या मेथोट्रेक्सेटच्या होत्या. पेशीला वाढायला फॉलिक अॅसिड लागते. मेथोट्रेक्सेट दिसायला फॉलिक अॅसिडसारखेच असते, त्यामुळे पेशी फसते आणि तिची वाढ थांबते. कर्करोगाची पेशी भराभर वाढते म्हणून ती आधी मरते. पण तोंडाच्या आतली त्वचा आणि हाडातील रक्त तयार करणाऱ्या पेशीही भराभर वाढणाऱ्याच. त्यांना सावरायला मधले सहा दिवस लागतात. ते सहा दिवस आम्ही फुफींकडून काढून घेतले होते.

या औषधाच्या मुळाशी आपल्याच देशातला माणूस आहे. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव मद्रासला शिकून अमेरिकेत गेले. तिथे लेडर्ले कंपनीत त्यांच्या चमूने फॉलिक अॅसिड तयार केले आणि मग त्याचीच फसवी भावंडेही तयार केली. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी त्यातले अॅमिनॉप्टेरिन रक्ताच्या कर्करोगाच्या सोळा मुलांना दिले. दहा मुलांत काही काळ सुधारणा दिसली. हे १९४८ मध्ये छापून आले. त्याआधी या आजारावर औषध म्हणून देण्यासारखे जवळपास काहीच नव्हते. सुब्बाराव त्याच वर्षी वारले. मेथोट्रेक्सेट हे अॅमिनॉप्टेरिनचे पाठचे भावंड.

पुढे कर्करोगाच्या औषधांची मात्रा ठरवण्याची एक रीत पडली. थोड्या पेशंटना लहान मात्रा द्यायची. सोसली तर पुढच्या थोड्यांना वाढवून द्यायची. त्रास असह्य होईपर्यंत असे चढत जायचे आणि मग एक पायरी खाली यायचे. तीच त्या औषधाची मात्रा. जहाल औषधांच्या काळात हे ठीक होते. नंतर आलेली अनेक औषधे वेगळ्या जातीची आहेत. ती पेशीवरच्या ठरावीक जागी जाऊन बसतात, आणि सगळ्या जागा भरल्या की वरून कितीही ओता, काम तेवढेच होते. त्रास आणि बिल मात्र वाढते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही २०२१ मध्ये ‘प्रोजेक्ट ऑप्टिमस’ सुरू करून कंपन्यांना सांगितले, की सोसेल तेवढी जास्त मात्रा ही जुनी रीत सोडा, पुरेल ती मात्रा शोधा.

आमच्या मुंबईत हा शोध त्याआधीच चालू होता, आणि त्याचे कारण गरिबी हे होते. परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्या दुःखातून उभे राहिलेले हे काम. आज ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या किती घरांतून रोज सकाळी फाईलची पिशवी छातीशी धरून माणसे लोकलने परळला उतरतात, ते ज्यांनी तो प्रवास केला त्यांना विचारा. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग तिथे नेहमीचा. तंबाखू, गुटखा, सुपारी, मशेरी. असा कर्करोग परत आला आणि ऑपरेशन होण्यासारखे नसले, की दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिनचे सलाईन देण्याची पद्धत होती. त्यासाठी दिवसभर खाट लागते, सोबतीला माणूस लागतो, त्याचा रोज बुडतो, उलट्या होतात, मूत्रपिंडाला धक्का बसतो. कित्येक पेशंट दुसऱ्या सलाईनला परतच येत नाहीत.

टाटामधील डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२२ पेशंटना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एका गटाला सिस्प्लॅटिन. दुसऱ्या गटाला आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आणि रोज दोनदा सेलेकॉक्सिब. सेलेकॉक्सिब ही सांधेदुखीची साधी गोळी. म्हणजे फुफींना दिलेल्या याच त्या दोन गोळ्या. मेथोट्रेक्सेटचे माप शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरला १५ मिलिग्रॅम. फुफींच्या अंगाचे क्षेत्रफळ दीड चौरस मीटर निघाले, म्हणून साडेबावीस मिलिग्रॅम, म्हणून अडीच मिलिग्रॅमच्या नऊ गोळ्या. त्या नऊ कुठून आल्या, हे आम्हाला इतक्या उशिरा कळले.

थोडी थोडी मात्रा, पण ठेका न चुकवता, अशा या उपचाराला मेट्रोनॉमिक म्हणतात. संगीताचा ठेका धरणारे मेट्रोनोम नावाचे यंत्र असते, त्यावरून हे नाव. अशा मात्रेने गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांची वाढ रोखली जाते, असे मानतात. निकाल २०२० मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. गोळ्या घेणारे मध्यमानाने साडेसात महिने जगले, सलाईन घेणारे ६.१ महिने. गंभीर त्रास गोळ्यांच्या गटात १९ टक्क्यांना, सलाईनच्या गटात ३० टक्क्यांना.

दीड महिन्याचाच फरक, असे कोणी म्हणेल. ज्या घरात असा पेशंट आहे ते घर तसे म्हणणार नाही. त्यातही हे महिने खाटेवर सुई टोचून न घालवता स्वतःच्या घरात घालवता आले, याला वेगळी किंमत आहे. फुफींनी त्या महिन्यांत नातीचे नाझरा कुरआन पूर्ण करून घेतले.

याच चमूचे पुढचे काम त्याहून धीट आहे. शरीराच्या स्वतःच्या बचाव-पेशींना जागे करणारी निव्होलुमॅबसारखी इम्युनोथेरपीची औषधे आता जगभर वापरली जातात. निव्होलुमॅबची रूढ मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. भारतात हा खर्च लाखांत जातो. पगारदार माणसाचेही घर विकले जाईल, मग हातगाडीवाल्याने काय करावे? सुरुवातीच्या अभ्यासांत असे दिसले होते, की अगदी थोड्या निव्होलुमॅबनेही बचाव-पेशींवरील जागा भरून जातात. त्या धाग्यावरून टाटाच्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम दिले. सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तीन गोळ्या. १५१ पेशंटपैकी निम्म्यांना नुसत्या गोळ्या, निम्म्यांना गोळ्या आणि हे औषध. एका वर्षानंतर नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी १६.३ टक्के हयात होते. दुसऱ्या गटात ४३.४ टक्के. ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’ने हा अभ्यास छापला आणि जिथे पूर्ण मात्रा परवडत नाही अशा देशांचे लक्ष परळकडे गेले.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी, आणि संशोधकही ती लपवत नाहीत. या अभ्यासात थोडी मात्रा आणि पूर्ण मात्रा समोरासमोर ठेवलेली नव्हती. थोडी मात्रा पूर्ण मात्रेइतकीच चालते, असे यातून सिद्ध होत नाही. काहीच न मिळण्यापेक्षा थोडे मिळाले तर पुष्कळ फरक पडतो, एवढे सिद्ध झाले. म्हणून हे वाचून कोणी आपल्या घरातील पेशंटची गोळी अर्धी करू नये. आम्ही एकदा न वाचता सल्ला देऊन बसलो आहोत. दुसऱ्यांदा ते पाप नको.

उलटीच्या औषधाची गोष्टही अशीच. केमोथेरपीत उलट्या रोखायला ओलॅन्झापिन देतात. रूढ मात्रा १० मिलिग्रॅम. तिने पेशंट दिवसभर गुंगीत राहतो. टाटामध्येच डॉ. ज्योती बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी २.५ मिलिग्रॅम देऊन पाहिले. उलट्या तितक्याच थांबल्या आणि गुंगी खूप कमी झाली. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त हे आले. ज्या आईला घरी लहान मूल सांभाळायचे आहे तिला दिवसभर जागे राहता येणे म्हणजे काय, हे आकड्यांत कुठे येणार!

आता आमच्या शाळेतील एक गोष्ट. पहिलीच्या वर्गात एक मुलगा होता, रक्ताच्या कर्करोगाचा. मोठे उपचार संपले होते आणि पुढे दोन वर्षांच्या आसपास रोज घ्यायच्या गोळ्या चालू होत्या. त्याची आई एकदा पालक सभेला आली आणि सहज म्हणाली, “सर्वांत कठीण काम रात्री नऊ वाजता असते. गोळीचे चार तुकडे करायचे.” गोळी ५० मिलिग्रॅमची, ६-मर्कॅप्टोप्युरिनची. मुलाची मात्रा कधी पाऊण गोळी, कधी अर्धी, कधी एक दिवसाआड एक. ती माउली अडकित्त्याने गोळी फोडायची. ज्या अडकित्त्याने त्याची आजी सुपारी कातरायची, त्यानेच. कधी मोठा तुकडा व्हायचा, कधी चुरा सांडायचा. उरलेला चुरा मधात कालवून चाटवायची. तो चुरा हाताला लागू देऊ नये, नाकात जाऊ देऊ नये, हे तिला कोणी बजावून सांगितले नव्हते.

या औषधाचा जन्म न्यूयॉर्कजवळच्या एका प्रयोगशाळेतला. गर्ट्रूड एलियन या बाईंनी ते १९५० च्या सुमारास बनवले आणि १९५३ मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. पंधराव्या वर्षी त्यांचे आजोबा कर्करोगाने गेले, तेव्हाच त्यांनी रसायनशास्त्र शिकायचे ठरवले होते. शिकून झाल्यावर बाईमाणूस म्हणून प्रयोगशाळांत नोकरी मिळेना, तेव्हा काही काळ त्यांनी न्यूयॉर्कच्या शाळांत विज्ञान शिकवले. १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. शिक्षक म्हणून आम्हाला या माहितीचा उगाचच अभिमान वाटला, तेवढा वाचकांनी चालवून घ्यावा.

पण औषध मिळून सत्तर वर्षे झाली तरी आपल्याकडची आई अडकित्ताच चालवत होती. युरोपात या औषधाचे पातळ रूप २०१२ मध्ये आणि अमेरिकेत २०१४ मध्ये आले होते. आपल्याकडे ते जून २०२५ मध्ये आले. टाटा मेमोरियल सेंटरचे संशोधन केंद्र खारघरला आहे, त्याला अॅक्ट्रेक म्हणतात. कुर्ल्याला गाडी बदलून हार्बर लाईनने गेले की खारघर. तिथे क्लिनिकल फार्माकॉलॉजीचे डॉ. विक्रम गोटा आणि टाटाच्या बालकर्करोग विभागातील डॉक्टर यांनी बंगळुरूच्या आयडीआरएस लॅब्जबरोबर मिळून ‘प्रीव्हॉल’ नावाचे औषध तयार केले. बाटलीत पावडर असते, पाणी घालून हलवले की पातळ औषध होते. एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. सोबत खुणा केलेली पिचकारी. बत्तीस मिलिग्रॅम हवे असेल तर तीन पूर्णांक दोन दशांश मिलिलिटर ओढायचे आणि मुलाच्या गालात सोडायचे. दशांश अपूर्णांक ज्याला येतो त्याला हे येते.

असे औषध बनवताना नुसते पाण्यात कालवून भागत नाही. प्रत्येक घोटात औषध सारखेच पसरले आहे का, बाटली उघडल्यावर किती दिवस टिकते, मुलाला चव सोसते का, पोटातून ते रक्तात किती पोचते, हे सगळे मोजावे लागते. संशोधक ठरावीक वेळांनी रक्ताचे नमुने घेतो आणि औषध कधी चढले, कधी उतरले, याचा आलेख काढतो. पेशंटच्या रक्तातील औषध मोजून मात्रा बदलणे हा या विद्येचा गाभा आहे. त्यात माणसामाणसांचा फरकही आलाच. ६-मर्कॅप्टोप्युरिन शरीरात जिरवण्याच्या कामात भाग घेणारे एनयूडीटी१५ नावाचे एक जनुक असते. त्याचा कमकुवत प्रकार युरोपियनांपेक्षा आशियाई लोकांत, भारतीयांतही, अधिक आढळतो. अशा मुलाला पुस्तकातली नेहमीची मात्रा दिली तर पांढऱ्या पेशी धडाधड उतरतात. पुस्तक तिकडच्या मुलांना मोजून लिहिलेले. इकडच्या मुलांना इकडेच मोजायला हवे, म्हणून खारघर आणि परळ.

आता आपल्या घरांचा खास विषय. रमजान आला आणि फुफींनी हट्ट धरला, रोजे धरणारच. “नऊ गोळ्या तर सोमवारीच असतात, त्या इफ्तारनंतर घेईन,” असा त्यांचा हिशेब. वरकरणी बिनतोड. आम्ही त्या टेबलामागच्या मुलीला विचारले. ती मुसलमान नव्हती, पण तिने ‘रोजे ठेवू नका’ असे एका वाक्यात उडवले नाही. तिने समजावले: मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडातून बाहेर पडते. तेरा तास पाणी नाही, त्यात दुसरी गोळीही मूत्रपिंडावर भार टाकणारी. औषध बाहेर पडायला उशीर झाला तर ते अंगात साचते, आणि मागे जे झाले ते पुन्हा होईल. डॉक्टरांनीही मनाई केली. मग मोहल्ल्यातील मशिदीच्या इमामसाहेबांना घरी बोलावले. त्यांनी फुफींना आठवण दिली, की सूरह बकरामध्ये जिथे रोजांचा हुकूम आहे, तिथेच आजारी माणसाची सवलतही आहे, आणि बरे होण्याची आशा नसेल त्याच्यासाठी फिदिया. फुफी पहिल्या दिवशी रडल्या. दुसऱ्या दिवसापासून इफ्तारला सगळ्यांच्या आधी दस्तरखानावर येऊन बसू लागल्या आणि खजूर वाटायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले.

जेवण आणि औषध यांचे नाते किती गुंतागुंतीचे असते, याचे एक उदाहरण पुरुषांच्या प्रोस्टेट कर्करोगातले आहे. अबिरॅटेरोन हे औषध रिकाम्या पोटी १००० मिलिग्रॅम घ्यायचे असते. भरपूर तेलकट जेवणाबरोबर घेतले तर रक्तात ते दहा पटींपर्यंत जास्त पोचू शकते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी याचा उलटा फायदा घेऊन पाहिला. कमी चरबीच्या नाश्त्याबरोबर चौथा हिस्सा, म्हणजे २५० मिलिग्रॅम दिले. ७२ पेशंटच्या त्या लहान अभ्यासात, जो २०१८ मध्ये छापून आला, परिणाम जवळपास तसाच दिसला आणि गोळ्या चारऐवजी एक. आता आपल्या इफ्तारचा विचार करा. भजी, समोसे, कबाब पोटात गेल्यावर कोणी पूर्ण मात्रा घेतली तर काय होईल? याउलट इमॅटिनिब जेवणाबरोबर आणि मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायचे. कॅपेसिटाबिन जेवणानंतर अर्ध्या तासात, दिवसातून दोनदा. प्रत्येकाचा कायदा निराळा. शेजारणीच्या गोळीचा कायदा आपल्या गोळीला लावता येत नाही.

तळलेले खाऊन छातीत जळजळ झाली की आपण अॅसिडिटीची गोळी घेतो. तिला औषध म्हणून कोणी मोजतही नाही. एर्लोटिनिब आणि गेफिटिनिब या गोळ्यांना विरघळायला पोटातील आम्ल लागते. पॅन्टोप्राझोलसारख्या गोळीने ते आम्लच दबले, की महागाची गोळी रक्तात कमी पोचते. पपनस किंवा त्याच्या जातीची फळे काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवतात. हकीमसाहेबांचे चूर्ण, कोणी आणून दिलेला काढा, बाजारातील हळदीच्या कॅप्सूल, हे सारे त्या टेबलावर सांगावे. रागावतील म्हणून लपवू नये. हॉस्पिटलमधील त्या मुलीने फुफींकडून कलौंजीच्या तेलाची बाटलीही काढून घेऊन तिचे नाव लिहून ठेवले होते, आणि रागावली मुळीच नव्हती.

आमच्या शाळेत दहावीनंतर सायन्स घेणाऱ्या मुली वाढल्या आहेत. सगळ्यांना डॉक्टर व्हायचे असते, नीटमध्ये गुण कमी पडले की घरी बसतात. त्यांना आम्ही आता फार्मसीची वाट दाखवतो. कालिन्याचे बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी १९५७ पासून आहे. जुहूला एसएनडीटीचे सी. यू. शाह कॉलेज तर फक्त मुलींचे. पालक विचारतात, “म्हणजे मेडिकल दुकान टाकायचे?” त्यावर आम्ही त्यांना सत्तावीस रिकाम्या जागांची गोष्ट सांगतो. आमची चूकही सांगतो. ती वगळून गोष्ट सांगता येत नाही.

फुफी गणपतीच्या सुट्टीआधी आठ दिवस गेल्या. गोळ्या सुरू झाल्यापासून दहावा महिना चालू होता. शेवटचे पंधरा दिवस सोडले तर त्या घरात चालत्याफिरत्या होत्या. स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर प्रत्येक सोमवारी हिरव्या पेनाने एक खूण केलेली होती. ती खूण आतेभावाची मुलगी करायची, आणि तिच्याशिवाय कोणी गोळीच्या डब्याला हात लावायचा नाही, असा घरात नियम होता.

चाळिसावा झाल्यावर कपाटात पिवळ्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या सापडल्या. कचऱ्यात टाकाव्यात तर भीती वाटली, कोणा पोराच्या हाती लागायच्या. आम्ही त्या हॉस्पिटलमध्ये परत घेऊन गेलो. टेबलामागे तीच मुलगी होती. तिने फुफींचे नाव विचारले, जुनी वही काढली, पट्ट्या हातात घेतल्या आणि सवयीने मोजायला लागली. मोजून झाल्यावर वहीतील आकडा पाहिला आणि म्हणाली, “बरोबर आहेत. आजींचा एकही सोमवार चुकला नाही.” मग तिने पट्ट्या वेगळ्या डब्यात टाकल्या आणि पुढच्या पेशंटला म्हणाली, “काका, पट्टी काढा.”